कपाट कुणी ढकलायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाच तपासता येईल. (अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे आणि तीही असलेच गेम खेळत रात्र काढते.)

तू सांगलीत विश्रामबागेत राहतोस, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. तुझ्या मित्राने फोनवर खेळायचा एक छोटा भुताचा गेम बनवलाय. रात्रीचा वाडा, हातात कंदील, कंदिलात मोजकं तेल, आणि उजाडायच्या आत सात दारं लावून घ्यायची. तुम्हा पाच-सहा जणांना त्यावर वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करायचीय. मिरजेतल्या एका वाड्याची सोय झालीय, खिशात चाळीस हजार आहेत. तयारी म्हणून तुम्ही 'अलोन इन द डार्क' हा २००५ चा सिनेमा लावला, कारण त्या नावाचा जुना गेम तुला फार आवडला होता, आणि सगळे पोट धरून हसलात. आता धास्ती अशी की आपल्यालाही लोक असेच हसतील. मित्र म्हणतो, पैसा कमी पडतो म्हणून असे सिनेमे फसतात. तू विचारतोस, भूत दाखवायचं की नाही?

मी सिनेमावाला नाही. तीसेक वर्षं सांगली-मिरजेत नाटकांचा साउंड करतोय. राज्यनाट्य, कॉलेजच्या एकांकिका, मधूनच एखादी शॉर्ट फिल्म. कॅसेट पेन्सिलीने फिरवून क्यूवर आणून ठेवण्यापासून आजच्या लॅपटॉपपर्यंत सगळं केलंय. विंगेतून प्रेक्षकाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे तो घाबरला की नाही हे मला आवाजावरूनच ओळखावं लागतं. खुर्च्या करकरायच्या थांबल्या, खोकले थांबले, वेफर्सची पिशवी अर्ध्यात गप्प झाली, की समजायचं. एवढ्या भांडवलावर उत्तर देतोय. कॅमेऱ्याचा जाणकार कदाचित वेगळं सांगेल, त्याचंही ऐक.

पैशाचं आधी मिटवू. त्या सिनेमाचा खर्च सुमारे २ कोटी डॉलर होता. ख्रिश्चन स्लेटरसारखा नावाजलेला नट होता. तरी समीक्षकांच्या मतांची बेरीज करणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर त्याला शंभरातला एक टक्का मिळाला आणि तिकीटबारीवर खर्चही वसूल झाला नाही. दिग्दर्शक यूवे बॉल. हा गृहस्थ पुढे २००६ मध्ये आपल्यावर टीका करणाऱ्यांना बॉक्सिंगच्या रिंगणात बोलावून खरोखर ठोसे मारून आला. माणूस भित्रा नव्हता एवढं नक्की. पण २ कोटी डॉलरांत जे जमलं नाही ते चाळीस हजारांत जमणारच नाही, असं समजू नकोस. इथे कमी पडलेली गोष्ट पैशाने मिळणारी नव्हतीच.

आता मूळ गेमकडे ये. १९९२ चा, फ्रान्सच्या इन्फोग्राम्स कंपनीचा. तू तो अलीकडे खेळला असशील. मी खेळलो १९९६ च्या सुमारास, मिरजेला मामेभावाच्या कॉम्प्युटरवर. रात्री त्याच्या वडिलांना कळू नये म्हणून स्पीकरवर उशी ठेवून. सुरुवात आठवतेय ना? डरसेटो नावाचं जुनं घर, तू माळ्यावर उभा. कोपऱ्यात लावून ठेवल्यासारखा कॅमेरा, जागचा हलत नाही. खिडकी आहे, कपाट आहे, एक पेटी आहे, जमिनीत खाली जायचा झडपेचा दरवाजा आहे. पहिल्यांदा मी मजेत इकडेतिकडे फिरत राहिलो. खिडकी फोडून एक जनावर आत आलं आणि मी मेलो. दुसऱ्यांदाही मेलो. तिसऱ्यांदा भाऊ म्हणाला, "अरे, कपाट ढकल की खिडकीपुढं!" मग यादी उघडायची, तिच्यातून 'ढकलणे' निवडायचं, कपाटाला भिडायचं, आणि बटण दाबून धरायचं. कपाट सरकतं, पण बेतानं. त्यानंतर पेटी झडपेवर ढकलायची, कारण खालूनही कुणीतरी येणार असतं.

त्या गेमची चित्रं आज बघितलीस तर हसू येईल. माणसं कागद दुमडून केल्यासारखी, ते जनावर म्हणजे पंख नसलेली कोंबडी. तरी आम्ही दोघं घामाघूम व्हायचो. का? कारण कपाट ढकलत असताना माझी पाठ खिडकीकडे होती की नव्हती, किती सेकंद उरले, आधी पेटी की आधी कपाट, हे सगळं माझ्या बोटांवर आलं होतं. भीती त्या कोंबडीत नव्हती. वेळेत उरकायच्या कामात होती.

आणि सिनेमा कसा सुरू होतो? पडद्यावर अक्षरं वर सरकत जातात आणि एक आवाज ती वाचून दाखवतो. अबकानी नावाची प्राचीन जमात, प्रकाशाचं आणि अंधाराचं जग, ७१३ नावाचं गुप्त सरकारी खातं, अनाथ मुलांवर केलेले प्रयोग. अजून एक माणूस पडद्यावर आलेला नाही आणि भुताचं खानदान, गोत्र, गाव सगळं सांगून झालं! पुढे जनावरं येतात तेव्हा त्यांच्यासमोर बंदुका घेतलेली तुकडीच्या तुकडी उभी. नाव 'अंधारात एकटा', आणि पडद्यावर ना धड अंधार, ना कुणी एकटं. न्याय करायचा तर हेही सांगतो की तो सिनेमा १९९२ च्या नव्हे, त्या मालिकेतल्या २००१ च्या चौथ्या भागाच्या जास्त जवळ जातो. पण कपाट तिथेही कुणी ढकलत नाही.

ते वाचून दाखवणं मला झोंबतं, कारण तोच घोळ मी स्वतः घातलाय. एका स्पर्धेसाठी आम्ही भुताची एकांकिका बसवली होती. रंगीत तालमीला चार ओळखीचे लोक बोलावले, ते म्हणाले, कळलं नाही बुवा. झालं. रात्रीतून निवेदन लिहिलं, आमच्यातल्या एका जाड आवाजाच्या माणसाकडून रेकॉर्ड करून घेतलं, मागे तानपुरा लावला आणि पडदा उघडायच्या आधी दीड मिनिट वाजवलं. सगळं कळलं लोकांना. इतकं कळलं की पुढची पस्तीस मिनिटं ते निवांत टेकून बसले होते. परीक्षकांनी नंतर एकच वाक्य बोललं, "विहिरीचं रहस्य तुम्ही विहिरीवरच पाटी लावून सांगितलंत." खरं तर प्रेक्षकाला 'कळलं नाही' ही तक्रार नव्हती. त्याला काय करायचं तेच कळलं नव्हतं. कुठे बघू, कशाची वाट बघू, काय लक्षात ठेवू. त्याला आम्ही माहिती दिली, काम दिलं नाही.

तुझा खरा प्रश्न मला असा दिसतो. गेममध्ये हाताला काम असतं. सिनेमा त्याच माणसाचे हात काढून घेतो आणि त्याला खुर्चीत बसवतो. मग ते काम जातं कुठे? डोळ्यांना, कानांना, आठवणीला ते वाटून दिलं तर भीती टिकते. नाही दिलं तर उरते नुसती गोष्ट, आणि बहुतेक गेमची नुसती गोष्ट चार ओळींत संपणारी असते. ती ताणायला मग अबकानी लागतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कळलं. तुम्ही विश्रामबागवाले, तुमच्याकडे त्या वेळी काय परिस्थिती होती मला ठाऊक नाही, आम्ही नदीजवळच्या जुन्या गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आम्ही वरच्या मजल्यावर, लाइट नाही, फोनची बॅटरी जपून वापरायची. आई म्हणाली, "तू जरा जिन्यावर लक्ष ठेव." आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या. दर तासाला बॅटरी मारून मोजायच्या, किती उरल्या. संध्याकाळी अकरा उरल्या होत्या.

रात्री कधीतरी खालून आवाज यायला लागला. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग ठक्. अंगावर काटा आला. मांजर असेल, साप असेल, कुणी माणूस अडकला असेल, काहीही मनात यायला लागलं. बॅटरी मारली तर स्वयंपाकघरातली गॅसची रिकामी टाकी! तरंगत जिन्यापाशी आली होती आणि पाणी हललं की भिंतीला आपटत होती. हसलो, वर येऊन आईला सांगितलं, पडलो. पण गंमत पुढे आहे. डोळा लागतो न लागतो तोच तो 'ठक्' बदलून 'टण्' झाला. टाकी आता भिंतीऐवजी जिन्याच्या लोखंडी कठड्याला लागत होती. म्हणजे पाणी दोन पायऱ्या चढलं होतं. मला उठून बघायची गरजच नव्हती. आवाजाचं कारण माहीत होतं, भूतबित काही नाही हेही माहीत होतं, आणि तरी आधीच्यापेक्षा दहापट जास्त घाबरलो, कारण आता तो आवाज माझ्यासाठी मोजपट्टी झाला होता.

म्हणून लोक "अज्ञाताची भीती" वगैरे म्हणतात तेव्हा मी अर्धंच मान्य करतो. माहीत नसलेल्या आवाजाने माणूस दचकतो. माहीत असलेला आवाज बदलला की तो घाबरतो. दचकवणं सोपं आहे, मी फेडर (आवाज वाढवायची सरकती कळ) वर ढकलून शेकडो वेळा केलंय आणि पैसेही घेतलेत. आपल्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या धाटणीच्या नाटकांना लोक राक्षसाच्या आरोळीवरून 'अललडुर्र'ची नाटकं म्हणायचे. म्हणजे ही युक्ती आपल्याकडे चांगली पावणेदोनशे वर्षं जुनी आहे! तिला नावं ठेवत नाही. फक्त एका प्रयोगात ती दोनदा चालते, तिसऱ्यांदा लोक हसतात.

आता हीच फूटपट्टी घेऊन दुसरे काही सिनेमे बघ, म्हणजे नुसतं त्या एका बिचाऱ्याला झोडपल्यासारखं होणार नाही.

'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' तू नक्की खेळला असशील. २०१४ चा गेम. रात्रपाळीचा वॉचमन, बारा ते सहा, खुर्चीत बसून कॅमेरे तपासायचे, दारं बंद करायची, आणि प्रत्येक गोष्टीला वीज खर्च होते. वीज संपली की खेळ खलास. ज्यांनी आपल्याकडचं लोडशेडिंग बघितलंय त्यांना हा गेम समजावून सांगावा लागत नाही. या गेमचा जीव जागं राहण्यात आहे. २०२३ च्या सिनेमातला वॉचमन काय करतो? गोळ्या घेऊन ड्यूटीवर झोपतो! लहानपणी पळवून नेलेल्या भावाचं स्वप्न पडावं म्हणून. कारण भावनिक आहे, मला पटतंही. पण बघणाऱ्याकडून जागं राहायचं काम काढून घेतलं आणि त्या जागी आठवणी दिल्या. समीक्षकांनी सिनेमाला नावं ठेवली. आता गंमत अशी की त्याच सिनेमाने ३० कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला, कारण पोरांना त्यांची बाहुली मोठ्या पडद्यावर बघायची होती. 'फसला' म्हणजे नक्की कुणासाठी फसला, हे त्यामुळे आधी ठरवावं लागतं. तुमच्या मित्राच्या गेमला अजून असे चाहते नाहीत, म्हणून ही वाट तुम्हाला बंद आहे.

'अंटिल डॉन'मध्ये तर अगदी उलटापालट झाली. २०१५ च्या त्या गेमची धास्ती अशी की चूक झाली आणि कुणी मेलं तर गेम स्वतःच तसं नोंदवून ठेवतो, मागे जाता येत नाही. २०२५ च्या सिनेमात माणसं मरतात आणि तीच रात्र पुन्हा सुरू होते. गेमने जी मुभा काढून घेतली होती ती सिनेमाने परत दिली. कल्पना म्हणून चलाख आहे, पण तिसऱ्यांदा मेलेल्या माणसासाठी श्वास कोण रोखणार?

उलट बाजूला 'सायलेंट हिल'. १९९९ च्या गेममध्ये धुकं आलं कारण त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढायला जमत नव्हतं. अडचण झाकायला धुकं घातलं आणि तेच त्या गावाचं रूप होऊन बसलं. सोबत खिशात एक रेडिओ, राक्षस जवळ आला की खरखरतो. या रेडिओवर मी जीव ओवाळून टाकीन. दिसत काही नाही, खरखर वाढतेय, आणि तुला ठरवायचंय पुढे जायचं की मागे. २००६ च्या सिनेमाने धुकं घेतलं, त्यात राख मिसळली, गेमचे संगीतकार अकिरा यामाओका यांचं संगीतही ठेवलं. समीक्षकांनी तोही फारसा उचलून धरला नाही, कथा समजावत बसतो म्हणून. पण पहिल्या तासातलं ते रिकामं गाव मी आजही विसरलेलो नाही. का, तर तिथे कान कामाला लागतात. डिसेंबरात पहाटे हरिपूरच्या रस्त्याने संगमाकडे चालत जा, कृष्णेवरून धुकं आलेलं असेल तेव्हा. सायकलची घंटी ऐकू येते, सायकल दिसत नाही. बाजूला व्हायचं कुठल्या?

इथवर आलोच आहोत तर एवढं पक्कं करून घेऊ. मित्राचा गेम पुढ्यात घे आणि एकच विचार: खेळताना माझं बोट नेमकं कशासाठी घाईत असतं? ते काम बघणाऱ्याच्या कुठल्या इंद्रियाला देता येईल? बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या वाड्यात दोन कामं आहेत: तेल मोजणं आणि दारं मोजणं. दोन्ही कानाला देता येतात, हे तुमचं नशीब.

तेलाचं आधी. मित्र म्हणेल, पडद्याच्या कोपऱ्यात तेलाची पट्टी दाखवू. नको. 'हाउस ऑफ द डेड'वरच्या २००३ च्या सिनेमात मधेमधे चक्क गेमचेच तुकडे चिकटवले होते, तेही बॉलसाहेबांचंच काम. तसं होईल. तुझ्या आजीला विचार, कंदिलात रॉकेल किती उरलंय हे कसं बघायचे. टाकीला काच नसते. कंदील कानाशी धरून हलकेच हलवायचा. भरलेला असला तर जड 'डुब' येतो, अर्धा असला तर खळखळ, तळाला आलं की नुसती चुळुक. सिनेमाच्या सुरुवातीलाच हे एकदा दाखव, न बोलता. सिनेमातली आजी कंदील हलवते, मान डोलावते, रॉकेल ओतते, परत हलवते. बस. पुढे घरातल्या मुलीने काळोखात कंदील हलवला आणि चुळुक आली, की हॉलमधल्या प्रत्येकाला कळेल किती वेळ उरलाय. शेवटच्या वेळी ती हलवेल तेव्हा काहीच ऐकू येऊ देऊ नकोस.

दारांचं जास्त महत्त्वाचं. तुझ्या वर्णनावरून सात दारं मी अशी धरतो: दिंडी (वाड्याचा पुढचा दरवाजा), सोपा, माजघर, स्वयंपाकघर, बळद (धान्याची कोठी), माडी, परसदार. जुन्या वाड्यात एका दारासारखं दुसरं वाजत नाही. दिंडीला अडसर असतो, तो भिंतीतल्या भोकातून घासत बाहेर येतो. माजघराची कडी कोयंड्यात पडते. बळदाचं दार बुटकं, ते फुगलेलं असतं आणि गुडघ्याने दाबावं लागतं. पहिली चार मिनिटं यावर खर्च कर. दिवेलागणीची वेळ, आजी रोजच्या क्रमाने दारं लावत जाते, मुलगी अभ्यास करत बसलीय आणि आपण कॅमेरा मुलीवरच ठेवलाय. सात आवाज ऐकू येतात, हळूहळू लांब जाणारे. सातवा झाला की आजी येऊन बसते. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सात, या वेळी भराभर. दोनदा पुरे. बघणाऱ्याला कळणारही नाही की आपण त्याला पाढा शिकवला.

तिसऱ्या रात्री आजी नाही. मुलगी दारं लावत जाते. पाच झाली. सहाव्या दाराकडे ती निघालीय, माडीच्या जिन्यावर तिचा पाय आहे, आणि खालून सातव्याचा आवाज येतो. परसदार कुणीतरी लावलं. बाहेरून की आतून?

बघ, यात भूत अजून कुठेच आलेलं नाही. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. लोक मोजायला लागलेले असतील तर एक हात दाखवलास तरी चालेल, पूर्ण भूत दाखवलंस तरी चालेल, अजिबात नाही दाखवलंस तरी चालेल. माझी आवड विचारशील तर हात दाखव, कडीवर, आजीच्या बांगड्या घातलेला. लोक मोजत नसतील तर मुंबईहून मेकअपवाला आणलास तरी जत्रेतल्या सोंगापलीकडे काही होणार नाही.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. लोक हे बघणार कुठे? हॉलमध्ये दाखवणार असाल तर वरचं सगळं तसंच. पण तुमच्यातले निम्मे प्रेक्षक फोनवर बघणार, एसटीत, फोनच्याच स्पीकरवर. तिथे तेलाचा जड 'डुब' मुळात ऐकूच येत नाही, फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. तेव्हा भरल्या कंदिलाच्या आवाजात टाकीच्या पत्र्याचा थोडा वरचा सूर मिसळायचा. मिक्स झालं की हेडफोनवर, साध्या फोनवर आणि जमलं तर एकदा हॉलच्या सिस्टिमवर ऐक. एका जागी चांगलं वाटलं म्हणून खूश होऊ नकोस. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियमांत वेळेची मर्यादा बघ. पंधरा मिनिटांची असेल तर दुसरी संध्याकाळ छोटी होईल, काढून टाकू मात्र नका. आणि गेम मित्राचाच आहे हे सुदैव. कुणा कंपनीचा असता तर परवानगीशिवाय हात लावायचा नव्हता. तरी त्याच्याकडून चार ओळी लिहून घे. मैत्री आहे तोवरच लिहून घ्यावं.

रेकॉर्डिंगची थोडी पथ्यं. दाराचे आवाज नेटवरून उतरवू नकोस. तो एक करकरणारा दरवाजा जगातल्या निम्म्या सिनेमांत आहे, लोकांना तो पाठ झालाय. वाड्यात रात्री अकरानंतर जा, फ्रिज असला तर बंद करा, पंखे बंद, फोन विमान मोडवर. प्रत्येक दार तीनदा, जवळून आणि लांबून. लांबचा आवाज नंतर जवळच्यातून बनवता येतो असं कुणी सांगेल. वाड्याच्या चौकातून येणारा घुमार मला तरी आजवर कॉम्प्युटरवर तसा बनवता आलेला नाही. प्रत्येक खोलीत कुणीही न हलता एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा. एडिटला ते सोन्यासारखं वाटेल, कारण पडद्यावर शांतता म्हणजे आवाज बंद नव्हे. एकदम शून्य केलंस तर लोकांना वाटतं स्पीकर गेला. माझ्या एका प्रयोगात ऑपरेटरने तसं केलं आणि पहिल्या रांगेतले आजोबा मागे वळून ओरडले, "आवाज!"

रातकिडे मात्र जरूर घे. ते बारीक सतत वाजत राहू देत, इतके की लोक विसरतील. खरा रातकिडा कुणी जवळून चाललं की गप्प होतो, हे तू परसात उभा राहिलास तर तुलाही दिसेल. परसदाराचा आवाज यायच्या चार सेकंद आधी फक्त परसाच्या बाजूचे किडे थांबव. निम्म्यांच्या लक्षात येणार नाही. उरलेल्या निम्म्यांची खुर्ची करकरायची थांबेल.

पार्श्वसंगीतावर पैसे घालवू नका. कंदिलाच्या उजेडाबद्दल कॅमेरावाल्याशी बोल, खऱ्या ज्योतीत बहुधा चित्र दाणेदार येतं, आत छोटा बल्ब बसवावा लागतो. त्यात मला फार गती नाही. चाळीसातले पाच हजार वाड्याच्या मालकांसाठी बाजूला ठेव, काहीतरी मोडतंच.

रेकॉर्डर आणि दोन माइक माझ्याकडे आहेत, रविवारी रात्री मी मोकळा असतो, आणि येताना जयसिंगपूरचं भडंग घेऊन आलास तर पहाटेपर्यंत बसेन. त्याआधी एक काम कर. वाड्यात जा, डोळे मिटून चौकात उभा राहा आणि मित्राला एकेक दार लावायला सांग. सातही आवाज वेगळे ओळखता येतात का ते बघ. आणि परसदाराला कडी आहे की अडसर, तेवढं मला कळव. अडसर असेल तर शेवट बदलावा लागेल, कारण अडसर बाहेरून लावता येत नाही.